पान तुकड्यातुकड्याने पाठवण्याआधी

रिपोर्ट उघडायला वेळ लागतो, तोवर स्क्रीन कोरी, अशी तक्रार आली की पीएचपीवाल्याचा हात थेट फ्लशकडे जातो, म्हणजे पूर्ण पानाची वाट न बघता तयार झालेला मजकूर ब्राउझरकडे ढकलण्याकडे. कोडमध्ये दोनच ओळी लागतात. पण त्याआधी बरंच काही मार्गी लावावं लागतं.

सगळ्यात आधी, पहिला बाइट जायच्या आत काय काय ठरायला हवं ते बघा. लॉगिन, परवानगी, रीडायरेक्ट, कुकी हे सगळं तिथेच संपवा. हेडर, म्हणजे मजकुराआधी जाणारी उत्तराची माहिती, एकदा गेले की २०० (ठीक) चा ५०० (सर्व्हरची चूक) करता येत नाही. कॅरेक्टर सेट हेडरमध्येच सांगा, म्हणजे तो ओळखण्यासाठी ब्राउझर सुरुवातीचा मजकूर अडवून बसणार नाही. सेशनमध्ये (सर्व्हरने त्या वापरकर्त्याबद्दल जपलेली माहिती) लिहायचं ते लिहून सेशन लगेच बंद करा. फाइलवरचं सेशन लॉक होतं आणि रिपोर्ट चालू असेपर्यंत त्याच माणसाची दुसरी टॅब लटकते. हे हमखास विसरलं जातं, आणि खापर फुटतं नेटवर्कवर.

मग क्वेरी. मायएसक्यूएल डेटाबेसशी बोलणारा पीएचपीचा पीडीओ मुळात सगळ्या ओळी मेमरीत आणूनच पहिली हातात देतो, त्यामुळे बफर्ड क्वेरी, म्हणजे हे आधी साठवणं, बंद करा. मात्र मग चालू क्वेरी संपेपर्यंत त्या कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालत नाही. ओळीगणिक ग्राहकाचं नाव शोधणारा कोड असेल तर आधी जॉइन करून नावंही त्याच क्वेरीत आणा.

मधले थर एकेक करून तपासा: पीएचपीचं आउटपुट बफरिंग, कॉम्प्रेशन आणि पुढे बसलेला वेब सर्व्हर एन्जिनएक्स. एन्जिनएक्स उत्तर साठवून ठेवतो, म्हणून त्या पानापुरता ‘एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो’ हा हेडर पाठवा. सबंध सर्व्हरचं बफरिंग बंद करण्यात काही अर्थ नाही, मंद कनेक्शनवाले ग्राहक तुमचे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) अडवून ठेवतील. चंक्डचा (उत्तर तुकड्यांत येतंय असं सांगणारा) हेडर हाताने लावू नका, एचटीटीपी/२ मध्ये तो चालतच नाही.

टेबलच्या रुंदी सीएसएसमध्ये पक्क्या करा, नाहीतर प्रत्येक नव्या ओळीबरोबर रकाने हलतात. क्वेरी मध्येच फसली तर ‘यादी अपूर्ण आहे’ अशी लाल ओळ छापायची सोय ठेवा. अर्धी यादी पूर्ण समजून कुणी हिशेब केला तर पंचाईत.

चाचणी लोकलहोस्टवर नको, खऱ्या डोमेनवरून करा. कर्लला (कमांड लाइनवरून पान मागवणारं साधन) ‘-एन’ (मोठ्या लिपीतलं N, म्हणजे आलेलं न साठवता लगेच दाखव) द्याच, पण कॉम्प्रेस्डचा पर्यायही द्या. तो नसेल तर कर्ल जीझिपने दाबलेलं उत्तर मागतच नाही, आणि ब्राउझरमध्ये अडणारं पान तिथे सुरळीत वाहताना दिसतं.