साडेसहाचे पंधरा अंश

सोलापूरहून पुण्याला परीक्षेला जाणाऱ्या पोरांना हुतात्मा एक्स्प्रेस पाठ असते. सकाळी साडेसहाची गाडी, त्यासाठी साडेचारला उठायचं, पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हॉलतिकिटाच्या दोन झेरॉक्स. अशाच एका पहाटे फलाटावर उभे असताना मित्राने विचारलं, "काय बे, गाडी सुटताना घड्याळाच्या काट्यांमध्ये कोन किती असंल?"

मी म्हटलं, "शून्य. दोन्ही सहावर."

त्याने काही न बोलता मनगट माझ्या नाकासमोर धरलं. साडेसहा होतच आले होते. मोठा काटा सहावर, पण छोटा काटा सहा सोडून साताच्या निम्म्या वाटेवर. म्हणजे पंधरा अंश. दोन वर्षं क्लास केलेला, सूत्रांची वही भरलेली, आणि मला हे दिसलंच नव्हतं.

आता मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. गावाकडची, गल्लीतली पोरं विचारतात, घड्याळ आणि दिनदर्शिका कशी करायची? त्यांच्यासाठी हे लिहितोय. या दोन घटकांवर पेपरात फार प्रश्न नसतात, दोन-तीनच. पण पोलीस भरतीच्या लेखीला 100 गुण आणि 90 मिनिटं, रेल्वेच्या एनटीपीसी भरतीच्या पहिल्या टप्प्यालाही 100 प्रश्न आणि 90 मिनिटंच, शिवाय तिथे एका चुकीला एक तृतीयांश गुण कापतात. एका प्रश्नाला 54 सेकंद येतात. एका पेपरात मी वाराच्या एका प्रश्नावर सात-आठ मिनिटं घालवली, शेवटची दोन पानं वाचायचीच राहिली, आणि यादीत नाव दोन गुणांनी हुकलं. तो प्रश्न सोडून द्यायची अक्कल तेव्हा नव्हती.

माझ्या सगळ्या चुका मी नंतर एका वहीत उतरवल्या. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. जे गुपचूप हलत असतं, ते मी थांबलेलं धरत होतो. कधी तास काटा, कधी 29 फेब्रुवारी.

आधी घड्याळ. वडिलांचं जुनं चावीचं एचएमटी घरात होतं. सूत्रं बाजूला ठेवून मी त्याची चावी बाहेर ओढली आणि काटे हाताने फिरवत बसलो. हे तुम्हीही करा, मोबाईलवर नको. बाराला दोन्ही काटे एकावर एक. फिरवत नेलं की एक वाजून पाच मिनिटांच्या जरा पुढे पुन्हा भेटतात, मग दोन वाजून अकराच्या अलीकडे, मग सव्वातीनच्या पुढे. असं करत दहा वाजून चोपन्नच्या पुढची भेट झाली की अकराच्या घरात भेटच होत नाही, ती थेट बाराला. म्हणजे बारा तासांत अकरा भेटी, दिवसाला बावीस. पेपरात पर्यायांमध्ये 24 हमखास असतं आणि घाईत तेच काळं केलं जातं.

मिनिट काटा मिनिटाला 6 अंश चालतो, तास काटा अर्धा अंश. मोठा छोट्याला दर मिनिटाला साडेपाच अंशांनी गाठतो. हा साडेपाच एकदा हाताला लागला की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. पूर्ण फेरीचे 360 अंश भागिले साडेपाच म्हणजे 65 पूर्णांक 5/11 मिनिटं, हे दोन भेटींमधलं अंतर. कोन काढायचा तर तासाला 30 ने गुणा, मिनिटाला साडेपाचने, आणि मोठ्यातून लहान वजा करा. साडेसहाला 180 आणि 165, राहिले 15. उत्तर 180 च्या वर गेलं तर 360 मधून वजा.

उलटा प्रश्न जास्त येतो: 4 आणि 5 च्या दरम्यान काटे काटकोनात कधी असतील? चारला मोठा काटा 120 अंश मागे आहे. 90 अंशांचं अंतर राहायला 30 अंश भरून काढायचे, म्हणजे 30 भागिले साडेपाच, 5 पूर्णांक 5/11 मिनिटं. पुढे तो छोट्याला ओलांडून 90 अंश पुढे जाईल तेव्हा एकूण 210 अंश भरून झालेले असतील, म्हणजे 38 पूर्णांक 2/11 मिनिटं. दोन उत्तरं. तासाला दोन काटकोन, मग बारा तासांत चोवीस का नाहीत? कारण बरोबर तीनचा काटकोन दोनच्या आणि तीनच्या घरात सामाईक आहे, नऊचाही तसाच. म्हणून 22, आणि दिवसाला 44.

पुढे किंवा मागे पडणाऱ्या घड्याळाचं गणित मला सगळ्यात नासकं वाटायचं. उदाहरण घेऊ. एक घड्याळ तासाला 5 मिनिटं पुढे पळतं. सकाळी 6 ला ते बरोबर लावलं. संध्याकाळी त्यात 7 वाजलेले दिसतात, तर खरे किती वाजले? मी काय करायचो, तेरा तास गुणिले पाच, 65 मिनिटं वजा, उत्तर 5 वाजून 55 मिनिटं. पर्यायांत 5:55 असतंच, पेपर काढणारा आपल्याला चांगला ओळखतो. पण ते तेरा तास घड्याळाचे आहेत, खरे नाहीत. खरी 60 मिनिटं झाली की हे घड्याळ 65 दाखवतं. त्याने दाखवलेली 780 मिनिटं गुणिले 60 भागिले 65, म्हणजे खरी 720 मिनिटं. बारा तास. उत्तर सहा. इथेही मोजपट्टीच हलणारी होती आणि मी तिला स्थिर धरलं होतं.

आरशातल्या घड्याळाला फार वेळ देऊ नका. 11:60 मधून दिसणारी वेळ वजा करायची, आरशात 8:20 दिसतंय तर खरे 3:40. बाराच्या पुढची वेळ असेल तर 23:60 मधून. केस कापायला गेलात की पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ समोरच्या आरशात बघा, तेवढा सराव पुरतो. पाण्यातल्या प्रतिमेसाठी 18:30 मधून वजा करायला शिकवतात. परीक्षेला ते चालतं, पण खरं घड्याळ पाण्यावर धरून बघितलंत तर छोटा काटा त्या वेळेला नेमका बसत नाही. त्यावर वाद घालत बसू नका, पर्याय टिकमार्क करा आणि पुढे चला.

आता वारांकडे. हे मला क्लासमध्ये नाही, मागावर समजलं. आमचे वडील जॅकार्डच्या मागावर चादरी विणायचे. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. प्रत्येक पुठ्ठा एका आडव्या धाग्यापुरतं ठरवतो की कोणता उभा धागा वर उचलायचा. माळ एक फेरी पूर्ण करते आणि तीच नक्षी पुन्हा सुरू होते. धागा तुटून माग थांबला की वडील सगळे धागे पहिल्यापासून मोजत बसायचे नाहीत. पूर्ण झालेल्या फेऱ्या सोडून द्यायच्या, चालू फेरीतला कितवा पुठ्ठा आहे एवढंच बघायचं. वार म्हणजे सात पुठ्ठ्यांची माळ. साताने भागा, भागाकार फेकून द्या, बाकी ठेवा. सोलापूरकराला ती बाकी लक्षात ठेवणंही सोपं, आपल्या पेठांनाच वारांची नावं आहेत. बाकी शून्य रविवार पेठ, तीन आली बुधवार पेठ, पाच आली शुक्रवार पेठ. हसू नका, परीक्षेत मी अजूनही मनात पेठेत जाऊन उभा राहतो.

साध्या वर्षाचे 365 दिवस म्हणजे 52 आठवडे आणि एक जादा दिवस, लीप वर्षाचे दोन जादा. शंभर वर्षांत 24 लीप धरली तर जादा दिवस 124, बाकी 5. दोनशेला 3, तीनशेला 1, आणि चारशेव्या वर्षात एक लीप वाढतं म्हणून चारशेला 0. म्हणूनच 1900 लीप नव्हतं, 2000 होतं, 2100 नसेल. शतकाचा शेवटचा दिवस मंगळवार, गुरुवार किंवा शनिवार असूच शकत नाही, हा आवडता प्रश्न यातूनच सुटतो. बाकी 5, 3, 1, 0 यांपलीकडे जातच नाही.

तारखेवरून वार काढायला मी एक आकडा फोन नंबरसारखा पाठ केला: 033, 614, 625, 035. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत एकेका महिन्याला एकेक अंक. 1900 ते 1999 मधली तारीख असेल तर वर्षाचे शेवटचे दोन अंक, त्यांचा चौथा हिस्सा (अपूर्णांक सोडून), महिन्याचा अंक आणि तारीख, एवढ्यांची बेरीज करायची आणि साताने भागायचं. 2000 नंतरची असेल तर बेरजेतून एक वजा. लीप वर्षाचा जानेवारी-फेब्रुवारी असेल तर आणखी एक वजा.

ज्यांच्या नावाने ती गाडी धावते त्या चार हुतात्म्यांची तारीख घेऊ. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. 31 अधिक 7 अधिक 0 अधिक 12, बेरीज 50. साताने भागून बाकी 1. सोमवार. 15 ऑगस्ट 1947 करा: 47, 11, 2 आणि 15, बेरीज 75, बाकी 5, शुक्रवार. 1 मे 1960 तुम्ही करा, बाकी शून्य यायला हवी.

पोरं हमखास अडकतात ती जागा दाखवतो. सोलापूरची गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीच्या सुमाराची. संक्रांत कधी 14 ला, कधी 15 ला येते, म्हणून आपण 14 जानेवारी हीच तारीख धरू. 2026 मध्ये 14 जानेवारीला बुधवार. 2027 ला गुरुवार. 2028 लीप वर्ष, म्हणून तिथे दोन वार उडी मारून शनिवार म्हणायचा मोह होतो. उत्तर शुक्रवार. कारण 2028 ची 29 फेब्रुवारी 14 जानेवारीनंतर येते, तिचा धक्का 2029 ला बसतो आणि तिथे थेट रविवार. दोन तारखांच्या मध्ये 29 फेब्रुवारी पडते का, एवढंच बघायचं. वर्ष लीप आहे की नाही हा प्रश्न दुसरा.

तीच दिनदर्शिका पुन्हा कधी, याचाही हिशोब यातच आहे. लीपनंतरचं पहिलं वर्ष 6 वर्षांनी, त्यापुढची दोन्ही 11 वर्षांनी, लीप वर्ष 28 वर्षांनी. 2025 ची 2031 ला, 2026 ची 2037 ला, 2024 ची 2052 ला. मधे 2100 सारखं वर्ष आलं की हे बिघडतं, तेव्हा जादा दिवस हाताने मोजा.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी, कारण यावरून आमच्या अभ्यासिकेत अर्धा दिवस भांडण झालं होतं. शिवाजी महाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630. जादा दिवसांच्या सूत्राने वार काढा: 1600 पर्यंत शून्य, पुढची 29 वर्षं, त्यात 7 लीप, म्हणजे 36, बाकी 1. जानेवारीच्या 31 ची बाकी 3, फेब्रुवारीचे 19. बेरीज 23, बाकी 2, मंगळवार. आणि इतिहासाच्या पुस्तकात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, शुक्रवार. सूत्र चुकलं का? नाही. आपण लिहितो ती 19 फेब्रुवारी जुन्या ज्युलियन कालगणनेची आहे. पोप ग्रेगरीने 1582 मध्ये दहा दिवस गाळले, 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर. इंग्रजांनी ती पद्धत 1752 पर्यंत घेतली नाही. आपलं सूत्र नव्या पद्धतीचं. दहा दिवस पुढे सरका, 1 मार्च 1630 येते, आणि मंगळवारपासून दहा दिवस पुढे बरोबर शुक्रवार. पेपरात इतकी जुनी तारीख आली तर निमूटपणे सूत्राचं उत्तर द्या. शिवजयंतीच्या भाषणात मात्र शुक्रवारच सांगा.

सराव म्हणाल तर मी पुस्तकातले पाचशे प्रश्न केले नाहीत. वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाच्या जाहिराती येतात, लग्नपत्रिका येतात, त्यावर तारीख आणि वार दोन्ही छापलेले असतात. वारावर बोट ठेवायचं, तारखेवरून काढायचा, बोट उचलून ताळा करायचा. महिनाभरात एक तारीख वीस सेकंदांवर आली. आणि परीक्षेत मिनिटात वाट दिसली नाही तर प्रश्नाला खूण करून पुढे जायचं, हे मी त्या हुकलेल्या दोन गुणांनंतर शिकलो.

या नादात घरातल्या सगळ्यांचे जन्मवार काढून झाले, राहिली फक्त आजी. तिच्या आधार कार्डावर 1 जानेवारी 1950 आहे, कार्ड काढताना कुणीतरी ठोकून दिलेली. ती म्हणाली, "मला एवढंच ठाऊक हाय, संक्रांत होती आणि मंगळवार होता. स्वातंत्र्याचे पेढे वाटले तवा मी आईच्या मांडीवर." मी 14 जानेवारी आणि मंगळवार जुळणारी वर्षं काढली. 1941, मग सहा वर्षांनी 1947, मग अकरा वर्षांनी 1958. मांडीवरचं पोर म्हणजे 1947 शिवाय दुसरं कुठलं? मी आजीला सांगितलं, कार्डावर आहे त्यापेक्षा तू तीन वर्षांनी मोठी आहेस.

आजीने जरा विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे तीन वर्सांची पेन्शन बुडाली की रं माझी."