शाळेत दप्तर तपासायला घेतलं तर: मुलांनी काय म्हणावं, पालकांनी काय करावं

वर्गात कुणाचे तरी सहलीचे पैसे हरवतात आणि बघता बघता सगळी दप्तरं बाकांवर उलटी होतात. माझी सगळी नोकरी माध्यमिक शाळेत वर्गशिक्षिका म्हणून झाली. निवृत्त झाल्यावरही पालक विचारत राहतात, "बाई, शाळेला असा अधिकार आहे का हो?"

थोडक्यात उत्तर असं. ठोस कारण असेल तर शाळा दप्तर दाखवायला सांगू शकते. मुलाचे कपडे उतरवून झडती घ्यायचा अधिकार मात्र शाळेत कुणालाही नाही. मुख्याध्यापकांना नाही, शिपायाला नाही, संस्थेच्या अध्यक्षांनाही नाही.

शाळेतल्या झडतीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, त्यामुळे 'शाळेचा नियम आहे' म्हटलं की पालक गप्प बसतात. पण शाळेचा नियम कायद्याच्या वर नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातला मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७वं कलम मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई करतं. हा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. अठराच्या आतल्या सगळ्याच मुलांसाठी बाल न्याय अधिनियम २०१५ चं ७५वं कलम आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागवलं, तर तो गुन्हा ठरतो. ही कलमं पाठ करायची गरज नाही. वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, अर्ज करताना लागतात.

दप्तर कसं तपासावं

मी वर्गात काय करायचे ते सांगते, म्हणजे शाळेकडून काय मागायचं ते कळेल. ज्याचे पैसे हरवले त्यालाच आधी त्याचं दप्तर पुन्हा बघायला लावायचं. कंपासपेटीतल्या पट्टीखाली, वहीच्या खाकी कव्हरच्या घडीत, स्वेटरच्या खिशात. बऱ्याचदा नोट तिथेच निघायची. नाहीच निघाली, तर ज्याच्याबद्दल खरंच काही कारण आहे, म्हणजे कुणी पाहिलं आहे किंवा कुणी सांगितलं आहे, त्या एकाच मुलाला मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलवायचं. दुसऱ्या एका शिक्षकाला सोबत घ्यायचं. दप्तर त्या मुलाने स्वतः उघडायचं, एकेक वस्तू स्वतः बाहेर काढायची आणि स्वतःच परत भरायची. आपण हात घालायचा नाही.

सगळ्या वर्गासमोर दप्तर उलटं केलं की पैसे सापडोत न सापडोत, बाकीचं सगळं बाहेर पडतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सॅनिटरी पॅड. दम्याचा पंप, जो त्या मुलाने वर्षभर लपवलेला असतो. डब्यातली नुसती चटणी-भाकरी. थकलेल्या फीची चिठ्ठी. त्यानंतर ते मूल आठवडाभर खाली मान घालून बसतं आणि घरी काहीच सांगत नाही. म्हणून सरसकट सगळ्या वर्गाच्या झडतीला मी कायम विरोध केला, आजही करते.

मुलांना शिकवायची वाक्यं

मुलांनी भांडायचं नाही, दप्तर ओढून धरायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. शांतपणे एवढंच म्हणायचं:

"बाई, काय हरवलंय आणि माझंच दप्तर का बघायचंय, ते सांगाल का?"

"मी स्वतः काढून दाखवते, पण ऑफिसात."

"माझ्या अंगाला हात लावू नका. आधी माझ्या आईला फोन करा."

तिसरं वाक्य पाचवीतल्या मुलालाही आलं पाहिजे. घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून घ्या. घाबरलेल्या मुलाच्या तोंडून नवं वाक्य फुटत नाही, सवयीचं असेल तर फुटतं. खिसे तपासायचे असतील तर मुलाने ते स्वतः उलटे करून दाखवावेत.

आणखी एक. चौकशीच्या वेळी 'मीच घेतले' असं लिहून सही कर म्हणून दबाव आणतात. पालक समोर नसताना मुलाने असल्या कागदावर सही करायची नाही. दाखला हातात देऊ अशी धमकी दिली, तर लक्षात ठेवा की शिक्षण हक्क कायद्याच्या १६व्या कलमाप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

मोबाइलचं म्हणाल, तर शाळेत आणायला बंदी असेल तर शिक्षक तो जमा करून घेऊ शकतात. त्याची नोंद करून घ्या आणि पालकांनी जाऊन परत आणा. पण मुलाकडून पासवर्ड घेऊन त्यातले मेसेज नि फोटो वाचणं ही वेगळी गोष्ट आहे, तिथे मुलाने नाही म्हणावं.

परीक्षेच्या वेळी दहावी-बारावीच्या केंद्रावर किंवा नीटला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, तपासणी होते, ती होणारच. पण तिथेही मुलींची तपासणी महिला कर्मचाऱ्यानेच, आडोशाला करायची असते. २०२२ मध्ये केरळातल्या कोल्लम जिल्ह्यात नीटच्या केंद्रावर मुलींना अंतर्वस्त्रं काढायला लावली, तेव्हा अटका झाल्या आणि त्या मुलींना पुन्हा परीक्षेची संधी द्यावी लागली.

मर्यादा ओलांडली तर

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींना पाळी आली आहे का ते कपडे उतरवून तपासलं गेलं. पालक शाळेवर धडकले, पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा नोंदला गेला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. असं काही कानावर आलं तर शाळेच्या चौकशीची वाट बघत बसू नका. १०९८ ला फोन लावा, तो मुलांसाठीचाच आहे, किंवा सरळ पोलीस ठाणं गाठा. पॉक्सोच्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा कळवणं बंधनकारक आहे, शाळेलासुद्धा. मुलाचा जबाब घरी घेता येतो आणि घेणारा अधिकारी गणवेशात नसावा असं २४वं कलम सांगतं.

मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. एकदा शांतपणे ऐका आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा: तारीख, कितवा तास, कोणती खोली, कोण कोण होतं, कोण काय म्हणालं. मग एक पानाचा अर्ज करा:

"मा. मुख्याध्यापक यांस, माझी मुलगी (इयत्ता, तुकडी) हिची (तारीख) रोजी वर्गासमोर झडती घेण्यात आली. झडतीचं कारण, ती कुणाच्या आदेशाने झाली आणि त्या वेळी कोण हजर होतं, याचा लेखी खुलासा सात दिवसांत मिळावा."

दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. 'ठेवून जा, बघतो' म्हटलं तरी पोच मागा. पोच दिलीच नाही तर स्पीड पोस्टाने पाठवा. दाद लागली नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. त्याच्याही वर महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे.

शाळेने पोलीस बोलावले, तर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असायला हवा. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही.

हे सगळं प्रसंग ओढवण्याआधी बोलता येतं. २०२२ पासून राज्यातल्या शाळांमध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. पहिल्या पालकसभेत उभं राहून विचारा की समितीवर कोण आहे, तक्रारपेटी कुठे आहे आणि ती उघडतं कोण. दप्तर तपासायची वेळ आली तर शाळा काय करेल, ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न लेखी द्या, पोच घेऊन.