भाड्याची मिनीव्हॅन: रिकामी वेगळी, भरलेली वेगळी

मी रोज चालवते ती छोटी हॅचबॅक. मागच्या काचेतून पाहिलं की लगेच गाडी संपते. घरातल्या आठ जणांनी चार दिवस एकत्र जायचं ठरवलं, तेव्हा दोन गाड्या काढून एकमेकींना शोधत बसण्यापेक्षा मी आठ-आसनी मिनीव्हॅन भाड्याने घेतली. ती घरी आणताना वाटलं, एवढंच होतं होय! स्टिअरिंग हलकं, बैठक उंच, गिअर ऑटोमॅटिक. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ माणसं आणि अकरा डाग भरले, आणि पहिल्याच सिग्नलला गाडी मी ठरवलेल्या जागेच्या चांगली हातभर पुढे जाऊन थांबली.

म्हणून सराव रिकाम्या गाडीवर जरूर करा, फक्त ती दाखवते त्यावर जाऊ नका.

गाडी ताब्यात घेताना काउंटरवरचा माणूस घाईत असतो. तुम्ही असू नका. गाडीभोवती फिरून मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. त्यात टप, चाकांच्या रिमच्या कडा, सरकत्या दारांची खालची पट्टी आणि डिकीची चौकट आली पाहिजे. सामान चढवताना सगळे ओरखडे तिथेच पडतात. करारात तीन गोष्टी वाचा: नुकसान झालं तर पहिली किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार, टायर-काच-टप विम्यात धरले आहेत का (बरेचदा नसतात), आणि दुसरा चालक. ज्याचं नाव करारात नाही त्याच्या हातात स्टिअरिंग असताना काही झालं, तर विमा हात वर करू शकतो. माझ्या नवऱ्याला ‘मधेच तासभर चालवतो की’ म्हणायची सवय आहे, म्हणून त्याचं नाव मी आधीच घालून घेतलं.

आता आकार. टोयोटा सिएना, किआ कार्निव्हल, क्रायस्लर पॅसिफिका या सगळ्या ५.१ मीटरच्या पुढे लांब आणि आरसे न धरता जवळजवळ २ मीटर रुंद. लांबीची भीती रिव्हर्सचा कॅमेरा घालवतो. खरी खोड पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतरात आहे. ते ३ मीटरच्या वर असतं. गाडी वळते तेव्हा मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, आतून कापत जातं, आणि हे अंतर जितकं जास्त तितकं जास्त कापतं. छोट्या गाडीच्या सवयीने वळलात की आतल्या बाजूचं मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढलंच. उपाय सोपा: कोपरा तुमच्या खांद्याच्या मागे गेल्याशिवाय स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं नाही, आणि वळताना ज्या बाजूला वळतोय त्या बाजूच्या बाहेरच्या आरशात मागचं चाक बघत राहायचं. आरसा त्यासाठी थोडा खाली झुकवून घ्या.

नाकाचं काय? बॉनेट इतकं उतरतं असतं की बसल्या जागेवरून त्याचं टोक दिसत नाही. मी मोकळ्या पार्किंगमध्ये एका भिंतीसमोर गाडी नेली, ‘आता फूटभर राहिलं’ वाटलं तिथे थांबवली आणि उतरून पाहिलं. चांगली चार पावलं शिल्लक होती. मग तेच रिव्हर्समध्ये, कॅमेरा न बघता. मागे वीतभर उरली होती. पुढे भित्रा आणि मागे बेफिकीर, असाच माझा अंदाज निघाला. तुमचा कसा आहे ते भिंतीसमोर पाच मिनिटांत कळतं, आणि ती पाच मिनिटं पुढच्या चार दिवसांच्या कामी येतात.

आता भरलेल्या गाडीकडे. आम्ही आठ जण, त्यात तीन मुलं, मिळून ४८० किलो, सामान ९०. म्हणजे ५७० किलो, माझ्या अख्ख्या हॅचबॅकच्या निम्म्याहून जास्त. चालकाचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर टायरमधल्या हवेचा आकडा असतो, आणि बऱ्याच गाड्यांवर दोन आकडे असतात: थोड्या वजनासाठी एक, भरलेल्या गाडीसाठी दुसरा. दुसऱ्यात मागच्या टायरला बरीच जास्त हवा सांगितलेली असते. भाड्याची गाडी साहजिकच पहिल्या आकड्यावर मिळते. निघायच्या आधी, टायर गार असताना, हवा भरून घ्या. मागची बाजू वळणावर बोटीसारखी डुलते अशी तक्रार पुष्कळ जण करतात. त्यातली निम्मी तरी हवेने जाते.

मागे वजन बसलं की नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असेल तर अंधार पडायच्या आत ते वाढवा. मला हे समोरून डिपर मारणाऱ्या चार जणांनी शिकवलं. (काही गाड्यांत ते आपोआप होतं, मग चाक नसतंच.)

नाक वर होण्याचा आणखी एक परिणाम आहे, आणि त्याचं मूळ या गाडीच्या जन्मात आहे. १९८३ च्या शेवटी क्रायस्लरने पहिल्या मिनीव्हॅन बनवल्या तेव्हा इंजिन आणि चालतं चाक दोन्ही पुढे ठेवलं. मागे शक्ती नेणारा दांडा नसल्यामुळे जमीन सपाट आणि बुटकी झाली, म्हणून आजीसुद्धा एका पायरीत आत येते. पण वजन मागे आणि ओढणारी चाकं पुढे, त्यामुळे ओल्या चढावर भरलेली गाडी सुटताना पुढची चाकं जागीच फिरतात. ॲक्सिलरेटर दाबू नका, अलगद सोडा, पकड येते.

उतारावर उलटं. लांब घाटात सारखा ब्रेक धरून ठेवला तर तो तापून ढिला पडतो. गिअरच्या दांड्यावर ‘एल’, ‘बी’ किंवा ‘एस’ असं जे काही असेल ते उतार सुरू होण्याआधी टाका. आणि सपाट रस्त्यावर वेगाचं गणित लक्षात ठेवा: ८० वरून १०० वर गेलात तर वेग पावपटीने वाढतो, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दीडपटीहून जास्त होतं. मी पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेवत होते. मधे लोक घुसतात. घुसू द्या.

कुणाला कुठे बसवायचं हे नात्याने ठरवू नका, पोटाने ठरवा. शेवटची रांग मागच्या चाकाच्या जवळपास येते, तिथे धक्के आणि झोके दोन्ही जास्त. ज्याला गाडी लागते त्याला मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. लहान मुलाचं सीट अडकवायचे हूक सगळ्या जागांना नसतात; कुठे आहेत ते आदल्या रात्रीच बघून ठेवा. तिसरी रांग उभी असते तेव्हा तिच्या मागे एक खोल खड्डा उरतो, सीट दुमडल्यावर ती त्यातच जाते. जड डाग त्या खड्ड्यात, हलके वर, आणि पाठीच्या उंचीच्या वर काही नाही. अचानक ब्रेक लागला तर वरची बॅग थेट डोक्यांवर येते.

सरकत्या दाराचा आमचा तमाशा सांगितलाच पाहिजे. दुपारी पाऊस सुरू झाला, सगळे धावत गाडीशी आले आणि दार उघडेना. हँडल ओढलं की एक बीप, बस्स. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, किल्लीने उघड.’’ किल्लीला भोकच नव्हतं. मुलाने बटणं दाबली, नवऱ्याने ताकद लावली. शेवटी सगळे पुढच्या दारातून चढून एकेक करत मागे गेले. डॅशबोर्डवर विजेचं दार बंद ठेवायचं एक बटण असतं, ते कुणाच्या तरी गुडघ्याने दाबलं गेलं होतं. ते कुठे आहे, आणि वीज बंद असताना दार हाताने कसं सरकवायचं, हे काउंटरवरच विचारून घ्या. आणखी एक गंमत: इंधनाचं झाकण उघडं असलं की त्या बाजूचं दार बऱ्याच गाड्यांत मुद्दामच अडवलेलं असतं. ते बिघडलेलं नसतं.

परत करताना इंधन जितकं मिळालं तितकं भरा, पावती ठेवा, काट्याचा फोटो काढा, आणि पुन्हा तोच व्हिडिओ. मग डिकीतल्या त्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपा. आम्हाला सासऱ्यांच्या कानाच्या यंत्राची डबी तिथे सापडली, जिच्यासाठी दोन दिवस मुलांना बोलणी बसली होती.