मंगलाष्टकात ‘मोद’ कुठे बसवावा

लग्नसराईत माझ्याकडे मंगलाष्टकं तपासायला येतात. लिहिणारे बहुतेक मामा, आत्या, नाहीतर नवरीच्या मैत्रिणी. बोलताना यांना आनंद होतो, वहीत मात्र हटकून ‘मोद’ होतो. शब्द जुना आहे म्हणून माझी हरकत नाही. जागा बघून वापरा, एवढंच.

मंगलाष्टकांचं नेहमीचं वृत्त शार्दूलविक्रीडित. त्यात ओळीला 19 अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे थांबा. पुढच्या सातांची चाल ‘कुर्यात् सदा मंगलम्’ म्हणून पाहिलं की कानात बसते. आता एका आत्याबाईंची ओळ घ्या: ‘मोदाने सजला निवास सगळा, हा मोद दाटे मनी’. वृत्त चोख. (‘निवास’ वाचून मला यात्री निवासाची पाटी दिसते, पण ते राहू दे.) ‘हा मोद’ काढून तिथे ‘आनंद’ म्हणा. गुरु, गुरु, लघु (म्हणजे जड, जड, हलकं अक्षर), वजन तेच, शिवाय भरतीचा ‘हा’ गेला. सुरुवातीलाही ‘आनंदे’ आरामात बसतं. म्हणजे दोन्हीकडे मोदाचं काही काम नव्हतं.

आता ही ओळ म्हणा: ‘दारी तोरण, मोद आत भरला, आली घरी लाडकी’. इथे एक गुरु, एक लघु, एवढीच फट आहे. ‘आनंद’ घुसवलात तर चाल मोडते. अशी फट सापडली की मोद खुशाल वापरा.

पण नुसतं मोजून भागत नाही. बालकवींची ‘वायूसंगे मोद फिरे’ ही ओळ 14 मात्रांची. गुरूच्या 2 मात्रा, लघूची 1, म्हणून मोदाच्या 3, आनंदाच्या 5, तेव्हा मोजमाप तिथेही आहेच. खरी गंमत क्रियापदांत आहे. त्यांच्या कवितेत मोद भरतो, फिरतो, विहरतो. कुणा एकाला ‘होत’ नाही. म्हणून त्याला हवा, अंगण, मांडव द्या. ‘मला मोद झाला’ असं गद्यात लिहिलंत तर वाचणारा हसेल. कथेतले जुन्या वळणाचे मास्तर पत्र लिहीत असतील तर तेच हसू कामाला येतं.

गद्यात त्यापेक्षा ‘मुदित’, ‘प्रमुदित’ बरे चालतात. ‘आमोद’ म्हणजे सुगंधही, तेव्हा तो हारांच्या, अत्तराच्या ओळीत घाला, दोन्ही अर्थ लागतात. ‘अनुमोदन’ मात्र सोसायटीच्या सभेत गेलं ते गेलंच.

आणि नवरदेवाचं नावच प्रमोद असेल, तर श्लेष एकदाच करा. प्रत्येक कडव्यात केलात तर अक्षता वेळेआधीच पडायला लागतात.