आईबाबांचं मेडिकेअर फ्लेक्स कार्ड: काउंटरवर अडकण्याआधी या चुका टाळा

३१ मार्च २०२५ ची संध्याकाळ. आईच्या फ्लेक्स कार्डवर, म्हणजे तिच्या विमा योजनेनं ठरावीक गोष्टींसाठी पैसे भरून दिलेल्या कार्डवर, तिमाहीचे ६० डॉलर तसेच पडून होते आणि रात्री बारानंतर ते जाणार होते, म्हणून आम्ही दोघी घाईघाईनं औषधांच्या दुकानात गेलो. टोपलीत रक्तदाब मोजायचं यंत्र, गुडघ्याला लावायचं मलम, टूथपेस्ट आणि जाता जाता उचललेली केळी. बिल झालं ७१ डॉलर. कार्ड सरकवलं, यंत्रानं नाही म्हटलं. पुन्हा सरकवलं, पुन्हा तेच. मागे चार माणसं खोळंबलेली. आईनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि म्हणाली, "अगं राहू दे, मी देते." गाडीत बसेपर्यंत ती काही बोलली नाही.

दसऱ्याला देवघर पुसताना ते कार्ड मला वातींच्या डबीखाली सापडलं. मधल्या काळात ३० जून गेला, ३० सप्टेंबरही गेला. १२० डॉलर हातच न लावता संपले. पण मला जास्त लागलं ते दुसरंच. कार्ड नाकारलं म्हणजे आपल्याच हातून काहीतरी चुकलं, चारचौघांत शोभा झाली, असं तिनं मनाला लावून घेतलं होतं. नंतर मंडळातल्या ज्येष्ठांकडे विचारलं तर घरोघरी हीच गोष्ट. एकदा काउंटरवर नकार मिळाला की आपली वडीलधारी माणसं ते कार्ड पुन्हा बाहेर काढत नाहीत. म्हणून अमेरिकेत आईवडिलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहिते आहे.

कार्ड कोण देतं, हेच ठाऊक नसणं

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. हे कार्ड सरकार देत नाही. ६५ वर्षांवरच्यांसाठी जी सरकारी मेडिकेअर आहे, त्यातल्या मूळ योजनेत, म्हणजे पार्ट ए (हॉस्पिटल) आणि पार्ट बी (डॉक्टर) मध्ये, असं कार्ड नसतं. खासगी विमा कंपन्या ज्या मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज योजना चालवतात, त्यांच्यापैकी काही जादा सोय म्हणून ते देतात. त्यावर पैसे किती, दर महिन्याला की दर तिमाहीला, कशासाठी आणि कुठल्या दुकानात, हे ज्याची त्याची योजना ठरवते. शेजारच्या काकूंच्या कार्डवर चालतं ते तुमच्या आईच्या कार्डवर चालेलच असं नाही, आणि दोघींच्या कार्डांचा रंग एक असला तरी त्यावरून काही ठरत नाही.

एकाच कार्डात बहुतेक वेळा अनेक कप्पे असतात. एक कप्पा ओटीसीचा, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या वस्तूंचा: वेदनाशामक गोळ्या, बँडेज, टूथपेस्ट, रक्तदाबाचं यंत्र. दुसरा दात, चष्मा, श्रवणयंत्राचा. काहींमध्ये तिसरा, पौष्टिक किराण्याचा किंवा वीजबिलाचा. एका कप्प्यातले पैसे दुसऱ्यात वळवता येतीलच असं नाही. "आईच्या कार्डवर ३०० डॉलर आहेत" असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातले २५० दातांसाठी राखलेले असू शकतात. म्हणून शिल्लक विचारताना आकडा कप्प्याकप्प्यानं विचारायचा.

आणखी एक साधी गल्लत. आईच्या पाकिटात तीन कार्डं असतात: मेडिकेअरचं लाल-पांढरं-निळं, योजनेचं सदस्य कार्ड आणि हे फ्लेक्स कार्ड. डॉक्टरकडे दाखवायचं ते सदस्य कार्ड. लाल-पांढरं-निळं घरी जपून ठेवायचं. मी आईच्या फ्लेक्स कार्डवर जाड शाईच्या पेननं "दुकान" असं मराठीत लिहून टाकलं आहे.

काउंटरवर कार्ड अडलं तर

आमच्या त्या संध्याकाळी काय झालं होतं ते मी नंतर योजनेला फोन करून विचारलं. शिल्लक ६०, बिल ७१ आणि त्यात केळी. आईच्या योजनेत किराण्याचा कप्पाच नाही. मोठ्या साखळी दुकानांमधली यंत्रणा बिलातली प्रत्येक वस्तू ओळखते आणि पात्र वस्तूंपुरतेच पैसे कार्डातून कापते. पण जिथे ही सोय नाही, किंवा जिथे कॅशियर पूर्ण रक्कम साध्या कार्डासारखी टाकते, तिथे शिल्लकीपेक्षा एक सेंटही जास्त झाला तर सगळाच व्यवहार नाकारला जातो. त्यामुळे पात्र वस्तूंचं बिल वेगळं करून घ्यायचं, रक्कम शिल्लकीच्या आत ठेवायची आणि हेच कार्ड सर्वांत आधी सरकवायचं. उरलेलं दुसऱ्या कार्डानं.

यंत्र "डेबिट की क्रेडिट" विचारतं तिथेही माणसं अडतात. पिन दिलेला नसेल तर क्रेडिट दाबायचं. एटीएममधून यातले पैसे निघत नाहीत.

देशी किराणा दुकानाचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. योजनेत पौष्टिक किराण्याचा कप्पा आहे, मग आपल्या दुकानात तूरडाळ आणि मेथी का मिळत नाही? मेथीत काही वावगं नाही. ते दुकान योजनेच्या यादीत नसतं किंवा तिथल्या यंत्राला वस्तू ओळखता येत नाहीत, एवढंच कारण. योजनेच्या अ‍ॅपमध्ये पिनकोड टाकून जवळची दुकानं शोधता येतात. तूरडाळ नाही मिळाली तरी मसूर, राजमा, पालक, दूध, अंडी हे मोठ्या दुकानात मिळतं. आईचा हात तिथल्या मांडणीवर बसायला दोन फेऱ्या लागतात, एवढं धरून चालावं.

दातांच्या दवाखान्यात अडलं तर कारण वेगळं असतं. प्रत्येक कार्ड यंत्रामागे त्या व्यवसायाचा एक संकेतांक असतो. दवाखान्याचं यंत्र दुसऱ्याच प्रकारात नोंदवलेलं असेल तर डॉक्टर खरा, उपचार खरे, तरीही कार्ड चालत नाही. अशा वेळी स्वतःच्या पैशांनी बिल भरण्याआधी तिथूनच योजनेला फोन लावा आणि नंतर परतावा मिळेल का ते विचारा. मिळणार असेल तर उपचाराचं नाव, तारीख आणि भरलेली रक्कम असलेली सविस्तर पावती लागते. नुसती कार्ड सरकवल्याची चिठ्ठी कुणी धरत नाही.

आणि सगळ्यात क्षुल्लक कारण: कार्ड सुरूच केलेलं नसतं. पोस्टानं आलेलं कार्ड चालू करण्यासाठी त्यावरच्या क्रमांकावर फोन करावा लागतो. साध्या पाकिटातून येतं म्हणून कितीतरी घरांत ते जाहिरात समजून फेकलं जातं. १ जानेवारीपासून योजना बदलली असेल तर जुनं कार्ड ३१ डिसेंबरलाच संपतं.

फोन आपण करायचा, पण आई शेजारी हवी

मी पहिल्यांदा ऑफिसमधून फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईनं मला काहीही सांगितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आईची माहिती आईच्या परवानगीशिवाय देता येत नाही. फोन करताना आई शेजारी हवी. तिनं नाव, जन्मतारीख, सदस्य क्रमांक सांगायचा आणि "माझ्या मुलीशी बोला" असं म्हणायचं. दर वेळी हे नको असेल तर प्रतिनिधी नेमण्याचा अर्ज भरता येतो.

इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल तर अ‍ॅडव्हांटेज योजनांना दुभाषा फुकट द्यावा लागतो. फोन लागताच "मराठी इंटरप्रिटर प्लीज" एवढं म्हणायचं. आईनं तसं केलं. पाचेक मिनिटं थांबावं लागलं, मग कुणीतरी मराठीत "बोला, काकू" म्हणालं. त्यानंतर आईनं इतके प्रश्न विचारले की मला पुढचं काही विचारायचं उरलं नाही.

गेल्या वर्षी मिळत होतं, यंदा बंद झालं

२०२६ च्या जानेवारीपासून बऱ्याच घरांत किराण्याचा कप्पा गायब झाला आणि लोकांना वाटलं कार्ड बिघडलं. कारण धोरणात आहे. मेडिकेअरचा व्हीबीआयडी नावाचा एक प्रयोग होता. त्यात उत्पन्न कमी आहे एवढ्या आधारावर योजनांना अशी मदत देता येत होती. तो ३१ डिसेंबर २०२५ ला संपला. आता किराणा, वीजबिल अशी मदत मुख्यतः दीर्घ आजार असलेल्यांसाठीच्या तरतुदीतून येते. मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचे जुनाट आजार असं काही असेल आणि ते योजनेकडे नोंदलेलं असेल, तरच. तेव्हा वडिलांना वीस वर्षांचा मधुमेह असूनही कप्पा बंद दिसत असेल तर गप्प बसू नका. बहुधा डॉक्टरकडून खातरजमा व्हायची राहिलेली असते. डॉक्टरच्या ऑफिसला आणि योजनेला दोन्हीकडे विचारा.

हे बदल अचानक कळू नयेत म्हणून योजनेला दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पुढच्या वर्षीच्या बदलांचं पत्र पाठवावं लागतं. ते जाडजूड असतं आणि रद्दीत जातं. त्यातलं फ्लेक्स आणि ओटीसीचं पान तेवढं फाडून फ्रिजवर लावा.

भारताच्या फेरीआधी

हिवाळा आला की आपले आईवडील पुण्याला, साताऱ्याला, मडगावला निघतात. त्याआधी तिमाहीचे पैसे वापरून घ्या, कारण ते बहुतेक योजनांत पुढे सरकत नाहीत. ३१ डिसेंबरच्या पुढे तर नाहीच. भारतात हे कार्ड चालत नाही. त्याहून मोठी गोष्ट: योजनेच्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिलं तर साधारणपणे योजनेतून नाव काढलं जातं. नातवाची मुंज लांबली, घराचं रंगकाम निघालं, म्हणून तिकीट पुढे ढकलताना हा हिशेब डोक्यात ठेवावा.

एक नाजूक बाब लिहावीच लागेल. गावी न्यायला म्हणून या कार्डावर वेदनाशामक मलमं आणि जीवनसत्त्वांच्या बाटल्या घेण्याची पद्धत पडली आहे. देणाऱ्याच्या मनात माया असते, हे मला समजतं. माझी आईसुद्धा मावशीच्या गुडघ्यांसाठी घेणार होती. पण हा लाभ फक्त त्या सदस्याच्या स्वतःच्या वापरासाठी आहे. मुलांच्या, नातेवाइकांच्या वस्तू त्यातून घेणं हा गैरवापर ठरतो. मावशीचं मलम आम्ही आमच्या पैशांनी घेतलं.

"सरकार तुम्हाला कार्ड देतंय" असा फोन

ऑक्टोबर ते डिसेंबर या फोनांचा सुळसुळाट असतो. टीव्हीवर, फेसबुकवरही तेच: हजारो डॉलरांचं कार्ड, फक्त मेडिकेअरचा क्रमांक सांगा. मेडिकेअर असं कार्ड देत नाही आणि आपणहून फोन करून क्रमांकही मागत नाही. ११ अक्षर-अंकांचा तो क्रमांक एकदा बाहेर गेला की त्यावर कधीही न घेतलेल्या उपचारांची बिलं लावली जाऊ शकतात. कधी तर न विचारता योजनाच बदलली जाते आणि मग नेहमीच्या हृदयरोगतज्ज्ञाकडे गेल्यावर कळतं की आता ते आपल्या योजनेत बसत नाहीत. आपल्या लोकांना तोंडावर नाही म्हणायला, फोन कापायला अवघड जातं. आईला मी एकच वाक्य पाठ करून दिलं आहे: "माझी मुलगी घरी आली की बोला." क्रमांक गेलाच असेल तर त्याच दिवशी मेडिकेअरला १-८००-६३३-४२२७ वर कळवा.

कार्डासाठी योजना निवडणं

ही सगळ्यात महाग चूक. ग्रीन कार्डवर आलेल्या आपल्या आईवडिलांनी अमेरिकेत नोकरी केलेली नसते. सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर त्यांना मेडिकेअर विकत घेता येते, पण अ‍ॅडव्हांटेज योजनेत जायला पार्ट ए आणि पार्ट बी दोन्ही लागतात. २०२६ मध्ये पार्ट ए चा पूर्ण हप्ता महिना ५६५ डॉलर, पार्ट बी चा २०२.९०. एका माणसाचे महिन्याला ७६७.९० डॉलर. एवढं भरून महिन्याला वीस-पंचवीस डॉलरच्या टूथपेस्ट आणि मलमासाठी योजना ठरवायची?

आधी पाहायचं ते हे: आईचे डॉक्टर आणि जवळचं हॉस्पिटल योजनेत आहे का, तिची रोजची औषधं यादीत आहेत का, आणि आजारपण आलं तर वर्षात खिशातून जास्तीत जास्त किती जातील. २०२६ साठी योजनेच्या जाळ्यातल्या, म्हणजे तिच्या यादीतल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडच्या, उपचारांची ही कमाल मर्यादा ९,२५० डॉलर आहे. अनेक योजनांत ती बरीच कमी असते आणि त्या फरकापुढे कार्डावरचे डॉलर काहीच नाहीत. शिवाय अ‍ॅडव्हांटेजमधून पुढे मूळ मेडिकेअरमध्ये परतताना मेडिगॅप, म्हणजे पूरक विमा, घ्यायचा म्हटलं तर बहुतेक राज्यांत सुरुवातीची मुदत संपल्यावर कंपनी तब्येत तपासून नकार देऊ शकते.

योजना बदलायची खिडकी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर. अ‍ॅडव्हांटेजमध्ये असलेल्यांना १ जानेवारी ते ३१ मार्च आणखी एक संधी मिळते. कमिशनवाल्या एजंटआधी राज्याच्या शिप (SHIP) या मेडिकेअरबद्दल सल्ला देणाऱ्या कार्यक्रमातल्या समुपदेशकाला भेटा. ते पैसे घेत नाहीत आणि कुठलीही योजना विकत नाहीत. चुकीचा नकार मिळाला आणि फोनवर कुणी ऐकत नसेल तर योजनेकडे लेखी तक्रार करा. तिला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आमच्या घरी आता तिमाही संपायच्या दहा दिवस आधीची तारीख कालनिर्णयावर लाल खुणेनं असते. त्या दिवशी आई आधी फोन लावून शिल्लक विचारते, आकडा पाकिटावर लिहिते आणि मग मला गाडी काढायला सांगते. केळी वेगळ्या पिशवीत.