दहावीनंतर आयटीआय की डिप्लोमा? फॉर्म भरण्याआधी ही व्यवस्था अशी समजून घ्या

आयटीआयमधला वेल्डर हा ट्रेड, म्हणजे शिकायचा व्यवसाय, एका वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलालाही तो घेता येतो. फिटर दोन वर्षांचा, त्याला दहावी लागते. जूनमध्ये घरोघरी चर्चा होते ती बहुतेक एवढीच, की लवकर कुठलं संपेल आणि कुठे नंबर लागेल. पण दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या दहावी पास मुलाला पुढे पॉलिटेक्निकमधल्या जुळणाऱ्या शाखेच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. एका वर्षाच्या ट्रेडवर ती वाट मिळत नाही. डिप्लोमा करायचाच असेल तर त्याला पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागते. वेल्डरचं काम उत्तम आहे, चांगल्या वेल्डरला कधी रिकामं बसावं लागत नाही. माझं म्हणणं इतकंच, की हा फरक फॉर्म भरण्याआधी कळला पाहिजे, दोन वर्षांनी नव्हे.

महाराष्ट्रातली ही व्यवस्था मोठी आहे, एकट्या शासकीय आयटीआयच चारशेहून अधिक आहेत. गोंधळ होतो तो कार्यालयांमुळे. प्रवेश एक कार्यालय देतं, परीक्षा दुसरं घेतं, मान्यता तिसरं देतं आणि शिष्यवृत्ती चौथ्याकडून येते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिली पायरी : दोन संचालनालयं वेगळी ओळखा

आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, ही व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत येते आणि हे संचालनालय राज्याच्या कौशल्य विकास विभागाखाली आहे. पॉलिटेक्निक, म्हणजे तंत्रनिकेतन, ही तंत्रशिक्षण संचालनालयाच्या अखत्यारीत आणि तो कारभार उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा. पूर्वी सगळं एकाच छपराखाली होतं. १९८४ मध्ये व्यवसाय शिक्षणाचं संचालनालय वेगळं झालं. त्यामुळे आज दोन्हींची संकेतस्थळं वेगळी, फॉर्म वेगळे, वेळापत्रकं वेगळी. एका ठिकाणी नोंदणी केली म्हणजे दुसरीकडे आपोआप झाली, असं होत नाही. दोन्ही पर्याय खुले ठेवायचे असतील तर दोन्ही फॉर्म भरा आणि दोन्हींच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दरवर्षी काही मुलं एका यादीची वाट बघत बसतात आणि तेवढ्यात दुसरीकडची मुदत निघून जाते.

दोन्ही संचालनालयांचे विभाग सहा आहेत : मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. तक्रार संस्थेच्या पातळीवर सुटली नाही तर आपल्या विभागाच्या सहसंचालक कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. मुंबईला हेलपाटा घालण्याची गरज सहसा पडत नाही.

दुसरी पायरी : प्रमाणपत्रावर कोणाचं नाव येणार, ते विचारा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि पालक नेमका तोच विचारत नाहीत. इमारत बघतात, फी विचारतात आणि ‘नोकरी लागेल ना?’ म्हणतात.

डिप्लोमाची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. मंडळाचं मुख्यालय मुंबईत वांद्र्याला आहे आणि परीक्षा वर्षातून दोनदा, हिवाळी आणि उन्हाळी. अभियांत्रिकी शाखांना त्याआधी दिल्लीच्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते. कोणत्या शाखेत किती जागा भरायच्या, हे त्या मान्यतेतच ठरतं. काही मोजकी शासकीय तंत्रनिकेतनं, उदाहरणार्थ मुंबई, पुणे आणि नागपूरची, स्वायत्त आहेत. ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः चालवतात. डी.फार्म.ची, म्हणजे औषधनिर्माणाच्या डिप्लोमाची, परीक्षाही तंत्रशिक्षण मंडळच घेतं, पण त्याला बारावी विज्ञान लागते आणि मान्यता फार्मसी कौन्सिलची असावी लागते.

आयटीआयचं ‘नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट’ केंद्र सरकारच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या यंत्रणेतून येतं आणि ते देशभर चालतं. इथे एक बारकावा आहे. संलग्नता संस्थेला सरसकट मिळालेली नसते. ती ट्रेडला आणि तुकडीला मिळालेली असते. एकाच आयटीआयमध्ये एका ट्रेडला राष्ट्रीय संलग्नता आहे आणि नव्याने सुरू झालेल्या ट्रेडला अजून मिळालेली नाही, असं असू शकतं. म्हणून ‘तुमची आयटीआय मान्यताप्राप्त आहे का?’ असं विचारू नका. ‘या ट्रेडच्या या तुकडीला राष्ट्रीय संलग्नता आहे का?’ असं विचारा आणि उत्तर कागदावर बघा.

तिसरंही एक मंडळ आहे, कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ. त्याचे सहा महिन्यांचे, वर्षाचे अभ्यासक्रम गावोगावच्या संस्थांमध्ये चालतात. त्यातले काही खरोखर उपयोगी आहेत. मात्र ते प्रमाणपत्र म्हणजे आयटीआयचं प्रमाणपत्र नव्हे आणि तंत्रशिक्षण मंडळाचा डिप्लोमाही नव्हे. फलकावर नुसतं ‘डिप्लोमा’ लिहिलेलं दिसलं तर कुठल्या मंडळाचा, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

तिसरी पायरी : जिना कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या. खाली ‘दहावी’ लिहा आणि वर मुलाला जिथे पोहोचायचंय ते लिहा. मधल्या पायऱ्या साधारण अशा येतात.

दहावीनंतर थेट डिप्लोमा केला तर तीन वर्षं. दोन वर्षांची आयटीआय करून आलात तर डिप्लोमाचं दुसरं वर्ष. बारावी विज्ञान करून आलात तरी दुसरंच वर्ष. डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यासाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, द्यावी लागत नाही. डिप्लोमाच्या गुणांवरच गुणवत्ता यादी लागते आणि किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. या प्रवेशाचं काम सीईटी कक्ष बघतो, हे आणखी एक वेगळं कार्यालय. म्हणजे फिटर म्हणून सुरुवात केलेली मुलगी एकही पायरी न गाळता मेकॅनिकलची पदवीधर होऊ शकते. ही सोय नियमात आहे, पण फार थोड्या घरांपर्यंत पोहोचली आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

नोकरी हेच टोक असेल तर उलटीकडून बघा. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनची आयटीआय मागतात. जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला स्थापत्यचा डिप्लोमा लागतो. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटसाठी ठरावीक ट्रेडची आयटीआय चालते आणि ठरावीक शाखांचा डिप्लोमाही. जुन्या भरतीच्या जाहिराती डाउनलोड करून त्यातली ‘शैक्षणिक अर्हता’ वाचा. शब्द न शब्द वाचा, कारण ‘इलेक्ट्रिकल’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ एवढ्या फरकाने अर्ज बाद होतो.

‘आयटीआय म्हणजे नापासांसाठी’ हा समज आता तरी सोडायला हवा. चांगल्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या जागेसाठी चांगले गुण घेतलेली मुलं रांगेत असतात.

चौथी पायरी : संस्था पायांनी बघा

संस्था तीन प्रकारच्या आहेत : शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्याने विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना दार उघडलं आणि त्यानंतर खासगी महाविद्यालयं झपाट्याने वाढली. शासकीय संस्थेची फी अगदी कमी. खासगीत ती कितीतरी पट असते. पण फक्त त्यावरून दर्जा ठरवू नका, दोन्हीकडे चांगल्या आणि वाईट संस्था आहेत.

कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास जा. ऑफिसकडे न वळता आधी वर्कशॉप बघायची परवानगी मागा. लेथवर तेल आहे की धूळ? व्हाइसवर मुलं उभी आहेत का? इलेक्ट्रिकलच्या प्रयोगशाळेत पॅनेल उघडून काम चाललंय की ते काचेच्या कपाटात आहे? मग बाहेर टपरीवर चहा घेणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा : प्रॅक्टिकल खरंच होतं का, शिक्षक कायम आहेत की दर सहा महिन्यांनी बदलतात, मागच्या सेमिस्टरला वर्गातल्या किती जणांचे सगळे विषय सुटले? ती मुलं खरं सांगतात.

येण्या-जाण्याचा हिशेबही आत्ताच करा. एसटीचा पास, शेवटची गाडी, वसतिगृह. संध्याकाळी पाचला प्रॅक्टिकल सुटतं आणि गावाकडची गाडी साडेचारला असेल तर तीन वर्षं प्रॅक्टिकल बुडणार. मुलींच्या बाबतीत तर याच कारणाने शिक्षण अर्ध्यात थांबलेलं मी पाहिलं आहे.

पाचवी पायरी : कागदपत्रं निकालाआधी

दहावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला शाळेकडून मिळेल. बाकीचं तहसील आणि सेतू केंद्रातून आणायचं असतं आणि जूनमध्ये तिथे अख्खा तालुका उभा असतो. म्हणून एप्रिलमध्येच अर्ज करा : अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, आणि ज्यांना लागतं त्यांच्यासाठी नॉन-क्रिमीलेअर. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करणार असाल तर राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या. केंद्राच्या नोकऱ्यांसाठीचा नमुना वेगळा असतो. आधार बँक खात्याशी जोडलेलं असू द्या, कारण शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरून थेट त्याच खात्यात येतात.

महाडीबीटीवर दोन योजना आवर्जून बघा. एक राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, दुसरी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पहिलीसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावं लागतं. शिवाय पॉलिटेक्निकमध्ये शुल्कमाफीच्या काही अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येच्या वरच्या, जागा असतात, त्यांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात. त्या मंजूर जागांच्या ५ टक्के असतात, गुणवत्तेने भरतात आणि पर्याय भरताना त्या वेगळ्या निवडाव्या लागतात.

सहावी पायरी : पसंतीक्रम

पॉलिटेक्निकचा फॉर्म भरून कागदपत्रांची पडताळणी झाली की गुणवत्ता यादी लागते आणि मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू होतात. पर्याय मनापासून हव्या असलेल्या क्रमानेच लिहा. ‘इथे नंबर लागेल म्हणून वर टाकतो’ हे गणित चुकतं. यंत्रणा तुमच्या यादीत वरून खाली येते आणि जो पहिला मिळण्याजोगा पर्याय असेल तो देते. वर अवघड पर्याय टाकल्याने खालच्या पर्यायाचा हक्क जात नाही. मात्र पहिल्याच क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावा लागतो आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. किती फेऱ्या, कुठल्या फेरीत काय बंधनकारक, हे नियम वर्षागणिक बदलतात. त्यामुळे शेजारच्या दादाने मागच्या वर्षी काय केलं यावर न जाता त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. जागा मिळाल्यावर ती ऑनलाइन स्वीकारणं आणि संस्थेत प्रत्यक्ष हजर होणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही मुदतीत करा.

फेऱ्यांना कंटाळून खासगी संस्थेत संस्थास्तरावरची, म्हणजे कॅपबाहेर संस्था स्वतः भरते ती, जागा घेण्याआधी थांबा. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांनाच मिळते. घाईने घेतलेली तीच जागा तीन वर्षांत कितीतरी महाग पडू शकते.

शिकून झाल्यावर : शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप

हा टप्पा प्रवेशाच्या वेळी कुणाच्या डोक्यात नसतो, पण तो याच व्यवस्थेचा भाग आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना उमेदवार घ्यावे लागतात आणि विद्यावेतन द्यावं लागतं. आयटीआयच्या मुलांना ही उमेदवारी पूर्ण करून परीक्षा दिली की आणखी एक राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं आणि भरतीत ते कामाला येतं. डिप्लोमाधारकांची उमेदवारी वेगळ्या मंडळाकडे असते. पश्चिम विभागाचं ते कार्यालय मुंबईत सायनला आहे. दोन्हींची पोर्टलही वेगळी आहेत.

कारखान्यात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आपल्या नावाचा करार पोर्टलवर नोंदला गेलाय का, ते स्वतः लॉगइन करून बघा. करार नोंदलेला नसेल तर वर्षभर मशिनवर घाम गाळूनही ती उमेदवारी धरली जात नाही आणि प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसता येत नाही.