प्लेटलेटच्या तपासणीला जाण्याआधी

आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जरा कुठे आपटलं की काळानिळा डाग. प्लेटलेटचा, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशींचा, काउंट मात्र दीड लाखाच्या वर, म्हणजे ठीक. डॉक्टर म्हणाले, संख्या पुरेशी आहे, आता त्या एकमेकींना चिकटतात का ते बघू. ही प्लेटलेट अ‍ॅग्रिगेशनची तपासणी. आमची पहिली खेप फुकट गेली, म्हणून हे लिहून ठेवतेय.

तयारी सुरू होते दहा दिवस आधी, गोळ्यांच्या डब्यापासून. प्लेटलेट जखमेपाशी पोचली की थ्रॉम्बॉक्झेन नावाचा रेणू सोडते आणि आजूबाजूच्यांना बोलावून घेते. अ‍ॅस्पिरिन तो बनवणारं एन्झाइमच निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिला नवं एन्झाइम करता येत नाही. ती मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, मुकीच राहते. आईने चार दिवस आधी शेजारच्या काकूंकडून डोकेदुखीची गोळी घेतली होती. तिच्यात अ‍ॅस्पिरिन होतं, हे आम्हाला पाकीट उलटं करून वाचल्यावर कळलं. तेव्हा अंगदुखीची, तापाची, आयुर्वेदिक, लसणाची, फिश ऑइलची, सगळी पाकिटं एका पिशवीत भरा आणि डॉक्टरांपुढे ओता. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (तेही प्लेटलेटना चिकटू न देणारं औषध) चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असेल तर मुळीच नाही. थायरॉइडच्या आणि इतर हार्मोनच्या गोळ्याही सांगा. थायरॉइड फार मंदावलं तरी रक्त जास्त वाहू शकतं.

आदल्या रात्री साधं वरणभात. यंत्र प्लाझ्मामधून, म्हणजे प्लेटलेट तरंगत असलेल्या रक्तातल्या पातळ भागातून, प्रकाश सोडतं: गुठळ्या झाल्या की प्लाझ्मा निवळतो, प्रकाश जास्त आरपार जातो. ही रीत गुस्ताव बॉर्न या संशोधकाने लंडनमध्ये 1962 साली मांडली. जेवणातल्या तेलातुपाने प्लाझ्मा दुधाळ झाला तर यंत्राला दिसणार काय? ठाण्यातल्या मामलेदारची मिसळ परतीच्या वाटेवर.

सकाळी पाणी चालतं. चहा, कॉफी, सिगारेट नाही. मिश्रीसुद्धा नाही, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. निकोटिनने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, आणि प्लेटलेटच्या अंगावर अ‍ॅड्रेनलिन ओळखणारे रिसेप्टर असतात. एकटं अ‍ॅड्रेनलिन फार काही करत नाही, पण एडीपी किंवा कोलॅजन या जखमेपाशी प्लेटलेटना जागं करणाऱ्या पदार्थांचा इशारा सोबत असला की तो चांगलाच वाढवतं. लॅबमध्ये हेच पदार्थ मोजून घालणार असतात. त्याआधी आपणच धावतपळत, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षावाल्याशी भांडत पोचलो, तर प्लेटलेट आधीच चेतलेल्या. घोडबंदरहून नौपाड्याला जायचं तर तासभर आधी निघा, आणि लॅबमध्ये अर्धा तास नुसतं बसा. फोनवर सोसायटीचं भांडणही नको.

रक्त घरी येऊन नेतील का, असं मीही विचारलं होतं. नको. खड्ड्यांतून बाइकच्या डब्यात हिंदकळलेलं रक्त कशाला द्यायचं? शिवाय धमनीचं अस्तर सतत प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड सोडून प्लेटलेटना शांत ठेवत असतं. नळीत तो आवर राहत नाही. नमुना साधारण चार तासांत तपासावा लागतो आणि फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो. तपासणी त्याच ठिकाणी होते का, की नमुना दुसरीकडे पाठवतात, हे वेळ घेतानाच विचारा.

जुने रिपोर्ट, अलीकडचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट), डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. सैल बाह्यांचं पोलकं. सुई काढल्यावर कापूस पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचा, चोळायचा नाही. आईने मागच्या वेळी लगेच पर्स उचलली आणि दंडापर्यंत निळं झालं.